ओत्सू: मुलांनी लिहून दिलं होतं

ऑक्टोबर २०११ च्या तिसऱ्या आठवड्यात जपानमधल्या ओत्सू शहरातल्या एका महापालिकेच्या शाळेने सगळ्या विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली वाटली. शाळेत मुलं साधारण ८६०. आठवडाभर आधी, ११ ऑक्टोबरला सकाळी, याच शाळेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने आत्महत्या केली होती. आपल्याकडच्या हिशेबाने आठवीतला मुलगा. त्याच्या बाबतीत तुम्ही काय पाहिलं, काय ऐकलं, असं शाळेने विचारलं आणि तीनशेहून जास्त मुलांनी उत्तरं लिहिली. कुणी वर्गमित्रांची नावं घातली, कुणी स्वतःचंही नाव लिहिलं.

शाळेतला छळ म्हटलं की ‘मुलं सांगतच नाहीत हो’ या वाक्याने आपल्याकडे चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. ओत्सूचं प्रकरण मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं ते यासाठी की तिथे मुलांनी सांगितलं होतं. मुलगा जिवंत असताना सांगितलं, तो गेल्यावर लेखी दिलं. माहिती मोठ्यांच्या हातात होती. पुढे जे झालं ते त्या माहितीचं मोठ्यांनी काय केलं, याचं प्रकरण आहे.

ओत्सू ही शिगा प्रांताची राजधानी. बिवा सरोवराच्या काठावरचं, सुमारे साडेतीन लाख वस्तीचं शांत शहर. क्योतोहून रेल्वेने दहा मिनिटांवर. शाळाही चारचौघींसारखीच, वाईट म्हणून कुणी बोट दाखवावं अशी नाही.

नंतरच्या चौकशीत जे सिद्ध मानलं गेलं, त्यावरून घटनाक्रम असा लागतो. हा मुलगा आणि त्याला छळणारी मुलं आधी एकमेकांचे मित्र होते. एकत्र खेळायचे, एकमेकांच्या घरी जायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, सप्टेंबरमध्ये, या मैत्रीचा तोल एका बाजूला झुकला. कुस्तीच्या नावाखाली मार, तोंडावर पेनने रेघोट्या, वह्या-पुस्तकांची नासधूस. २९ सप्टेंबरला क्रीडादिन होता. त्या दिवशी कपाळाला बांधायच्या पट्ट्यांनी त्याला बांधून तोंडाला चिकटपट्टी लावली गेली आणि मेलेली मधमाशी खायला लावण्याचा प्रयत्न झाला. हे सगळं आडोशाला झालेलं नाही. मैदानात शेकडो मुलं होती, शिक्षकही होते.

५ ऑक्टोबरचा दिवस जरा सावकाश पाहण्यासारखा आहे. त्या दिवशी शाळेच्या स्वच्छतागृहात त्याला मारहाण झाली. एका मुलीने शिक्षकांना सांगितलं की त्याला त्रास देतायत, थांबवा. संध्याकाळी शिक्षकांची छोटी बैठकही झाली. म्हणजे घटना ताजी, साक्षीदार समोर, वर्गशिक्षक जागेवर आणि विषय टेबलावर. बैठकीतून निघालं ते असं: हे दोन मुलांमधलं भांडण आहे, पण लक्ष ठेवायला हवं. वर्गशिक्षकांनी मुलाला विचारलं तेव्हा त्याने आपण ठीक असल्याचं सांगितलं आणि मैत्री टिकवायची आहे असंही म्हणाला.

शिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं तर हा निष्कर्ष किती सोयीचा आहे ते कळतं. भांडणात दोन बाजू असतात. दोघांना समोर बसवलं, समजूत घातली की विषय मिटतो. छळ म्हटलं की मुख्याध्यापक, शिक्षण मंडळ, पालक, कागदपत्रं, सगळंच मागे लागतं. त्यात ज्याचा त्रास आहे तोच ‘ठीक आहे’ म्हणतोय, मग आणखी काय हवं? पण तेरा वर्षांच्या मुलाने ज्यांच्याशिवाय दुसरे मित्र नाहीत त्यांच्याविरुद्ध, त्यांच्याच वर्गात परत जाऊन बसायचं असताना, काय उत्तर द्यावं अशी अपेक्षा होती? शनिवार ते सोमवार, ८ ते १० ऑक्टोबर, सलग सुट्टी आली. त्या सुट्टीत ही मुलं त्याच्या घरापर्यंत पोचली, खोलीत नासधूस झाली. मंगळवारी तो शाळेत आलाच नाही.

आता पुन्हा त्या प्रश्नावलीकडे. उत्तरं आली तेव्हा शाळेला आणि महापालिकेच्या शिक्षण मंडळाला दोन गोष्टी एकदम कळल्या: छळ झाला होता आणि तो शिक्षकांच्या कानावर होता. त्याला ‘आत्महत्येचा सराव’ करायला लावत होते, असंही काही मुलांनी लिहिलं होतं. यातलं बरंचसं ऐकीव होतं हे खरं, पण ऐकीव आहे म्हणून त्याचा माग काढायचा असतो, तो काढलाच गेला नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे मृत्यूला महिना व्हायच्या आत, मंडळाने जाहीर केलं की छळ झाला होता, मात्र त्याचा आत्महत्येशी संबंध स्पष्ट होत नाही. चौकशी बंद. पुढे प्रश्नावलीची दुसरी फेरी झाली. तिच्यात ‘अंत्यविधीचा खेळ’ असे शब्द होते. जपानमध्ये हे शब्द वाचून कुणाचेही कान टवकारायला हवेत, कारण १९८५ साली तोक्योच्या नाकानो भागातल्या एका शाळेत मुलांनी जिवंत वर्गमित्राचा खोटा अंत्यविधी केला होता आणि त्याच्या शोकपत्रावर चक्क काही शिक्षकांनीही सह्या केल्या होत्या. त्या मुलानेही पुढे आत्महत्या केली. पंचवीस वर्षांनी तेच शब्द मुलांच्या हस्ताक्षरात आले आणि फाइलमध्ये जाऊन बसले.

मुलाच्या वडिलांना उत्तरं दाखवली गेली ती आधी लिहून घेऊन, की यातलं बाहेर काही सांगणार नाही. त्यांना दिलेल्या प्रतींत बराच मजकूर काळा केलेला होता. (जानेवारी २०१४ मध्ये ओत्सू जिल्हा न्यायालयाने या लपवालपवीबद्दल महापालिकेला ३ लाख येन भरपाई द्यायला लावली.) वडील पोलिसांत गेले, एकदा नव्हे, तीनदा. तक्रार नोंदवली गेली नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो मुलगाच हयात नाही, मग तक्रार कुणाची, असा युक्तिवाद. फेब्रुवारी २०१२ मध्ये आईवडिलांनी महापालिका, तीन मुलं आणि त्यांचे पालक यांच्यावर दावा लावला. महापालिकेच्या वकिलांनी सुरुवातीला हात वर केले.

नऊ महिने हे सगळं असंच दबून राहिलं. जुलै २०१२ च्या पहिल्या आठवड्यात ‘आत्महत्येचा सराव’ हे शब्द वर्तमानपत्रांत छापून आले आणि देशभर भडका उडाला. ११ जुलैला पोलिसांनी शाळेची आणि शिक्षण मंडळाच्या कार्यालयाची झडती घेतली. शाळेतल्या छळाच्या प्रकरणात पोलीस शाळेचीच कपाटं उघडतायत, हे दृश्य जपानला नवीन होतं.

आणि इथून प्रकरणाचा दुसरा भाग सुरू होतो, जो आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. नेटवर छळणाऱ्या मुलांची नावं, फोटो, घरचे पत्ते, आईवडिलांच्या नोकऱ्या यांचा शोध सुरू झाला. अल्पवयीन मुलांची ओळख जाहीर करायला कायद्याने बंदी होती, पण गर्दीला कसला कायदा! त्यातही गर्दीने भलतीच माणसं धरली. शिगातल्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या गृहस्थांना ‘मुख्य आरोपीचे आजोबा’ ठरवण्यात आलं. त्यांचा त्या कुटुंबाशी काडीचा संबंध नव्हता. रुग्णालयाचे फोन शिव्याशापांनी वाजत राहिले. एका बाईंचा फोटो ‘त्याची आई’ म्हणून फिरला. टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध व्यक्तीने तो आपल्या ब्लॉगवर लावला आणि पुढे न्यायालयात भरपाई भरली. ऑगस्टमध्ये एक एकोणीस वर्षांचा विद्यार्थी लांबून प्रवास करून ओत्सूला आला आणि शिक्षण मंडळाच्या कार्यालयात शिरून शिक्षणप्रमुखांच्या डोक्यात हातोडा घातला. ते वाचले. त्या मुलाचा ना शाळेशी संबंध होता ना कुटुंबाशी. बातम्या वाचून त्याचं डोकं फिरलं होतं.

न्याय करायला निघालेल्या या लोकांनी जे केलं ते त्या वर्गात झालं त्याहून वेगळं नव्हतं. बघ्यांची गर्दी, एक सावज, हसणारे, फोटो पुढे पाठवणारे. आणि ही गर्दी जमायला जागा कुणी करून दिली, तर ज्यांनी नऊ महिने कागद दाबून ठेवला त्यांनी. अधिकृत माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसली की उरलेली कथा गल्लीतलं कुणीही लिहितं. शाळेची बदनामी नको म्हणून मौन पाळणाऱ्या संस्थाचालकांना ओत्सूतला हा भाग तेवढा वाचून दाखवावा असं मला फार वाटतं, कारण बदनामी टाळायच्या नादात त्या शाळेचं नाव देशभर झालं.

महापौर नाओमी कोशी त्याच वर्षी जानेवारीत निवडून आल्या होत्या. वय छत्तीस, पेशाने वकील. शाळेत असताना आपणही छळ सोसला आहे हे त्यांनी उघड सांगितलं. त्यांनी महापालिकेची आधीची भूमिका बदलली, चूक मान्य करून समझोत्याकडे जायचं ठरवलं आणि शिक्षण मंडळाच्या बाहेरची चौकशी समिती नेमली. या समितीची रचना हेच मला प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. निम्मे सदस्य मुलाच्या कुटुंबाने सुचवलेले, शिक्षणतज्ज्ञ नाओकी ओगी त्यांपैकी एक. वकील, मानसशास्त्रज्ञ, प्राध्यापक होते. त्या शाळेशी किंवा मंडळाशी ज्यांचं मीठभाकर बांधलेलं आहे असा कुणी नव्हता.

३१ जानेवारी २०१३ ला आलेल्या दोनशेहून अधिक पानांच्या अहवालाने छळ हेच मृत्यूचं थेट कारण असल्याचं सांगितलं. शाळा आणि मंडळ यांनी मुलाच्या घरच्या परिस्थितीकडे बोट दाखवून जो बचाव उभा केला होता, त्याला काही आधार नसल्याचं समितीने लिहिलं. ‘घरीच काहीतरी असणार’ हा बचाव किती ओळखीचा आहे! आईवडिलांचं पटत नाही, मुलगा मुळातच हळवा होता, मोबाइल फार बघायचा. अशा वेळी घराकडे वळलेलं बोट बहुतेकदा शाळेतूनच आलेलं असतं, आणि मेलेलं मूल उलट बोलत नाही.

या अहवालानंतर पाच महिन्यांत, जून २०१३ मध्ये, जपानच्या संसदेने शालेय छळ प्रतिबंधाचा कायदा मंजूर केला आणि २८ सप्टेंबरपासून तो लागू झाला. त्यात छळ म्हणजे काय हे सोसणाऱ्याच्या बाजूने ठरवलं आहे: दुसऱ्या मुलाच्या वागण्याने, त्यात इंटरनेटवरचं वागणंही आलं, ज्या मुलाला शारीरिक किंवा मानसिक त्रास होतो त्याचा तो छळ. करणाऱ्याचा हेतू काय होता, मस्करी होती की दुष्टावा, हा प्रश्न व्याख्येत येतच नाही. ५ ऑक्टोबरच्या बैठकीला ही व्याख्या लावून पाहा. ‘भांडण’ म्हणून सुटायला वाटच राहत नाही. प्रत्येक शाळेत कायमची समिती हवी, म्हणजे एकट्या वर्गशिक्षकाने मनातल्या मनात निकाल लावायचा नाही. मुलाच्या जिवाला, शरीराला, मालमत्तेला गंभीर इजा झाल्याचा किंवा छळामुळे ते बराच काळ शाळेत येत नसल्याचा संशय आला तरी ‘गंभीर घटना’ म्हणून चौकशी करायची आणि वर कळवायचं. चौकशी पटली नाही तर महापौर ती नव्याने करायला लावू शकतात. पुढच्याच वर्षी शिक्षण मंडळांची रचनाही कायद्याने बदलली, जबाबदारी कुणाची हे नीट कळावं म्हणून.

आकड्यांची गंमत अशी, की त्यानंतर छळाचे प्रकार कमी झाले नाहीत, नोंदी प्रचंड वाढल्या. २०११ या शैक्षणिक वर्षात जपानभर ७०,२३१ प्रकार नोंदले गेले होते. ओत्सूचा गाजावाजा झाला त्या २०१२ मध्ये १,९८,१०९. २०२३ मध्ये ७,३२,५६८, त्यातले चोवीस हजारांच्या वर ऑनलाइन बदनामी-शिवीगाळीचे. मुलं दहापट दुष्ट झाली असा याचा अर्थ कुणी तिथे काढत नाही. किरकोळ वाटणारी गोष्टही आता लिहिली जाते. शून्य प्रकार नोंदवणाऱ्या शाळेकडे शिक्षण मंत्रालय उलट संशयाने पाहतं आणि ‘आमच्याकडे एकही प्रकार नाही’ हे पालकांना आणि मुलांना जाहीर सांगून खातरजमा करा, म्हणतं. आपल्याकडे शून्याचा सत्कार होतो.

कायद्याने सगळं सुतासारखं सरळ झालं असंही नाही. होक्काइदोमधल्या असाहिकावा शहरात २०२१ च्या फेब्रुवारीत कडाक्याच्या थंडीत एक चौदा वर्षांची मुलगी घरातून निघून गेली. मार्चमध्ये तिचा मृतदेह सापडला. तिला अश्लील छायाचित्रं पाठवायला भाग पाडण्यात आलं होतं. कायदा होऊन आठ वर्षं होत आली होती, तरी शाळेने आणि मंडळाने आधी छळ मानलाच नव्हता. पुन्हा तोच पाढा: बातमी फुटली, नेटवर गर्दी जमली, मग चौकशी.

ओत्सूच्या दाव्याचं काय झालं तेही सांगून टाकतो. महापालिकेने २०१५ मध्ये जबाबदारी मान्य करून १ कोटी ३० लाख येनवर समझोता केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये जिल्हा न्यायालयाने दोन माजी वर्गमित्रांना सुमारे ३ कोटी ७५ लाख येन भरपाई द्यायला सांगितलं. असा छळ झाल्यास आत्महत्या होऊ शकते हे कळायला हवं होतं, असं न्यायालयाने मानलं. वर्षभराने ओसाका उच्च न्यायालयाने कार्यकारणसंबंध कायम ठेवला, पण घरातून पुरेसा आधार मिळाला नाही म्हणून पालकांच्या वाट्याला चार दशांश दोष घातला. ती कपात आणि आधी मिळालेले पैसे वजा जाता रक्कम ४० लाखांच्या आसपास आली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठेवलं. समितीने खोडून काढलेलं ‘घर’ न्यायालयाच्या मागच्या दाराने परत आत आलं. मला हा निकाल पटत नाही.

ओत्सूने नंतर एक काम चांगलं केलं. २०१७ च्या शेवटी तिथल्या मुलांना लाइन या ॲपवरून समुपदेशकाशी बोलण्याची सोय सुरू झाली. त्याच सुमारास नागानो प्रांतात असा प्रयोग दोन आठवडे चालला तेव्हा आधीच्या वर्षभरात फोनवर आले नव्हते इतके संवाद तेवढ्यात झाले. ज्या वयाची मुलं फोन उचलून ‘हॅलो’ म्हणायला लाजतात त्यांना फोन नंबर देऊन मोठ्यांचं समाधान होतं, एवढंच. आपल्याकडचा चाइल्डलाइनचा १०९८ असो की मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६, दोन्ही आवश्यक आहेत, शाळेच्या भिंतीवर ठसठशीत असायलाच हवेत. पण टाइप करून बोलायची सोय मुलांच्या जास्त अंगवळणी आहे.

महाराष्ट्रात कागदावर काही नाही असं नाही. २०२२ पासून सखी सावित्री समित्या आहेत, शाळांत तक्रारपेट्या आहेत, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर सीसीटीव्ही सक्तीचे झाले, सीबीएसईच्या शाळांना २०१५ पासून छळविरोधी समितीच्या सूचना आहेत. लैंगिक गुन्ह्यांसाठी पॉक्सो आहे, मुलांच्या अश्लील चित्रांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आहे. मधली मोठी जागा मोकळी आहे: वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादीच्या फोटोचं स्टिकर करून रोज फिरवणं, कुणाला ग्रुपमधून काढून बाकीच्यांनी दुसरा ग्रुप करणं, इन्स्टावर बनावट खातं उघडून जातीवरून किंवा रंगावरून टोमणे मारणं. हे कॅमेऱ्यात दिसत नाही आणि गुन्ह्याच्या कलमात सहसा बसत नाही. ‘शाळेच्या वेळेबाहेरचं आहे, आम्ही काय करणार’ असं म्हणून शिक्षक मोकळे होतात. सकाळी मात्र तीच मुलं त्याच बाकावर शेजारी बसतात.

तक्रारपेटीची किल्ली माझ्या पाहण्यातल्या शाळांमध्ये मुख्याध्यापकांच्याच कपाटात असते. पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्या मुलाला ते माहीत असतं. ओत्सूतही प्रश्नावली वाटणारे, वाचणारे आणि तिच्यात ज्यांच्याकडे बोट होतं ते एकाच इमारतीत बसत होते. म्हणून एखादी शाळा खरंच काही करू पाहत असेल तर नवी भित्तिपत्रकं लावण्याआधी तिने वाचणारा माणूस बदलावा: शेजारच्या शाळेतल्या बाई, तालुक्याच्या समुपदेशक, पालक समितीतली शाळेशी लागेबांधे नसलेली एखादी व्यक्ती. चिठ्ठी उघडली त्या दिवसाची नोंद, पुढे काय केलं त्याची नोंद, आणि लिहिणाऱ्या मुलाला पंधरा दिवसांत एकांतात मिळालेलं उत्तर. तक्रार आली की दोघांना समोरासमोर बसवून ‘हात मिळवा’ म्हणायची आपली लाडकी पद्धत बंद करावी. ती भांडणाला चालते, छळाला नाही. आणि ज्याला त्रास आहे त्याला ‘ठीक आहेस ना?’ हा प्रश्न एकदाच, स्टाफरूमच्या दारात, बाकीच्यांच्या देखत विचारू नये. दोन दिवसांनी पुन्हा विचारावं, त्याच्या आवडत्या शिक्षकाने विचारावं, आणि पुढे जोडून सुट्ट्या येत असतील तर त्या लागण्याआधी त्याच्या घरी कुणीतरी जाऊन यावं.